काजळी, तेल आणि कायदा : व्यवसायजन्य त्वचारोगांच्या मान्यतेचा इतिहास

प्रास्ताविक

कामामुळे माणसाला होणाऱ्या रोगांमध्ये त्वचारोगांचे स्थान काहीसे वेगळे आहे. फुप्फुसात साचलेली धूळ किंवा रक्तात भिनलेले शिसे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी क्ष-किरण आणि प्रयोगशाळा यांचे साहाय्य घ्यावे लागते. त्वचेचे तसे नाही. हातावरची भेग, बोटावरचा व्रण, मनगटावरचे इसब स्वतः कामगाराला, त्याच्या घरच्यांना, मुकादमाला आणि मालकालाही दिसते. मग जो रोग सर्वांना दिसतो त्याचे कारणही लवकर मान्य व्हावे आणि त्यावर प्रतिबंधक उपायही लवकर योजले जावेत, अशी अपेक्षा बाळगणे स्वाभाविक ठरेल. इतिहास मात्र याच्या नेमका उलट दाखला देतो. रोग दिसणे, त्याचे कारण कळणे आणि त्या कारणाची जबाबदारी कायद्याने निश्चित होणे या तीन घटनांमध्ये अनेकदा पन्नास, साठ, क्वचित शंभर वर्षांचे अंतर पडलेले आढळते.

प्रस्तुत निबंधात या अंतराचा वेध घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी मुख्यतः इंग्लंडमधील धुराडी साफ करणारे कामगार आणि लँकेशायरच्या सूतगिरण्यांतील कामगार यांची उदाहरणे निवडली आहेत. औद्योगिक क्रांतीचा आरंभ तेथे झाला, तसेच कामगारांना भरपाई देण्याच्या ज्या कायदेशीर चौकटीचा पुढे भारतात अवलंब झाला तिची घडणही तेथेच झाली, हे या निवडीचे कारण होय. निबंधाच्या उत्तरार्धात त्या चौकटीच्या भारतीय वाटचालीचा आणि सिमेंटमुळे होणाऱ्या त्वचादाहाचा विचार केला आहे.

रामाझिनीचा प्रश्न

व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासाचा जनक म्हणून बर्नार्दिनो रामाझिनी (१६३३–१७१४) या इटालियन वैद्याचे नाव घेतले जाते. कारागिरांच्या रोगांवरील त्याचा लॅटिन ग्रंथ १७०० साली मोदेना येथे प्रसिद्ध झाला आणि १७१३ साली पादुआ येथून त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली. आपल्या घरचा शौचकूप उपसणाऱ्या मजुराची अवस्था पाहून या विषयाकडे लक्ष वेधले गेले, असे त्याने ग्रंथातच नमूद केले आहे. क्षारयुक्त पाण्यात दिवसभर हात बुडवून कपडे धुणाऱ्या धोबिणींच्या हातांना पडणाऱ्या भेगांचे वर्णनही त्यात आहे.

रामाझिनीचे खरे योगदान मात्र एखाद्या रोगाच्या वर्णनापुरते सीमित नाही. रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांची परंपरा हिपोक्रेटिसपासून चालत आलेली होती. त्या प्रश्नांत ‘तुम्ही काय काम करता?’ या आणखी एका प्रश्नाची भर घालावी, असा आग्रह त्याने धरला. वरवर पाहता हा प्रश्न अगदी साधा आहे, परंतु तो विचारल्याने रोगाचे स्थान बदलते. तोपर्यंत रोग ही रोग्याच्या प्रकृतीची, आहाराची किंवा दैवाची बाब मानली जात असे. व्यवसायाचा प्रश्न विचारताच ती कामाच्या जागेची बाब होते. पुढील तीन शतकांतील या विषयाचा सारा वाद या एका स्थलांतराभोवती फिरत राहिला आहे.

काजळी : १७७५ ते १८७५

लंडनमधील सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट (१७१४–१७८८) याने १७७५ साली आपली काही शस्त्रवैद्यकीय निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांतील एक छोटेसे प्रकरण धुराडी साफ करणाऱ्या कामगारांच्या वृषणकोशाच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाविषयी होते. तेव्हाच्या घरांची धुराडी अरुंद आणि वळणावळणांची असत. काही तर जेमतेम नऊ इंच रुंदीची होती. त्यांत प्रौढ माणूस शिरू शकत नसल्याने अनाथ आणि दरिद्री घरांतील लहान मुले या कामासाठी शिकाऊ म्हणून घेतली जात. अंगावर पुरेसे कपडे नसताना ही मुले कोपर आणि गुडघे टेकत वर चढत. काजळी घामाबरोबर शरीराच्या वळ्यांत जाऊन बसे आणि दिवसेंदिवस तेथेच राही. पुढे तारुण्यात किंवा मध्यम वयात त्या जागी चामखिळीसारखी गाठ येई. कामगार स्वतः तिला ‘काजळीचा चामखीळ’ म्हणत. याचा अर्थ असा की, रोगाचे कारण पॉटच्या आधी कामगारांच्या बोलीत नोंदले गेलेले होते.

एखाद्या विशिष्ट व्यवसायाशी कर्करोगाचा संबंध जोडणारे पहिले स्पष्ट वैद्यकीय निवेदन म्हणून पॉटच्या या प्रकरणाला महत्त्व आहे. त्या मुलांच्या हालअपेष्टांविषयी त्याने कळवळ्याने लिहिले. तथापि, त्याने सुचविलेला उपाय शस्त्रवैद्याचा होता. गाठ लहान असतानाच ती कापून काढावी, असे त्याचे सांगणे होते. मुले धुराड्यात शिरूच नयेत ही मागणी वैद्यकाच्या कक्षेत त्या काळी बसत नव्हती.

ती मागणी कायद्याच्या कक्षेत यावयास किती काळ लागला हे पाहणे उद्बोधक आहे. १७८८ च्या कायद्याने शिकाऊ मुलाचे किमान वय आठ वर्षे ठरविले. आठवड्यातून एकदा मुलाला स्वच्छ अंघोळ घालण्याचे बंधनही करारपत्राद्वारे मालकावर घालण्यात आले. या तरतुदींची अंमलबजावणी करणारी यंत्रणा मात्र निर्माण केली गेली नाही. त्यानंतर १८३४, १८४० आणि १८६४ असे एकामागून एक कायदे आले. १८४० च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील व्यक्तीने धुराड्यात चढण्यास मनाई केली, तरीही प्रथा चालूच राहिली. अखेर केंब्रिजजवळ धुराड्यात अडकलेल्या एका मुलाचा १८७५ साली मृत्यू झाला आणि लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या प्रयत्नांतून त्याच वर्षी झालेल्या कायद्याने या व्यवसायासाठी पोलिसांकडून परवाना घेणे सक्तीचे केले. पॉटच्या निवेदनाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

या शंभर वर्षांत दुसरा एक पर्याय खुला होता. शल्यविशारद हेन्री बटलिन याने १८९२ साली दिलेल्या व्याख्यानांत असा प्रश्न उपस्थित केला की, धुराडी तर युरोपातील अन्य देशांतही साफ केली जातात, मग हा रोग तेथे क्वचितच का आढळतो? जर्मनीसारख्या देशांत कामगार अंगाबरोबर बसणारा संरक्षक पोशाख घालत आणि काम संपल्यावर अंग धूत, असे त्याला आढळले. म्हणजे रोग व्यवसायात अटळ असा नव्हता. काम करण्याची पद्धत आणि तीवर केला जाणारा खर्च यांवर तो अवलंबून होता.

डांबर आणि क्रोम : रोगाचे नवे पत्ते

काजळीचा प्रश्न असा रेंगाळत असतानाच रसायन उद्योगाने नव्या पदार्थांची भर घातली. ग्लासगो येथील वैद्य विल्यम क्यूमिन याने १८२७ साली क्रोमियमची संयुगे हाताळणाऱ्या रंगाऱ्यांच्या हातांवरील खोल व्रणांचे वर्णन केले. टोचणीने पाडावे तसे हे व्रण गोलाकार असून ते हळूहळू आत खोल जात. जर्मनीत हाले येथील रिचर्ड फॉन फोल्कमान याने १८७५ साली लिग्नाइट कोळशापासून डांबर आणि पॅराफिन काढणाऱ्या कामगारांमध्ये त्वचेचा कर्करोग नोंदविला. दुसऱ्याच वर्षी एडिंबरोच्या जोसेफ बेल याने शेल खडकापासून तेल गाळणाऱ्या स्कॉटिश कामगारांत तोच रोग पाहिला. काजळी, डांबर आणि शेलचे तेल हे पदार्थ वरकरणी भिन्न असले, तरी कार्बनी द्रव्याच्या ज्वलनातून किंवा ऊर्ध्वपातनातून निघालेली त्यांची वंशावळ एकच होती.

या वंशावळीचा प्रायोगिक पुरावा यावयास विसावे शतक उजाडले. कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर चोपडून त्वचेचा कर्करोग निर्माण केल्याचे १९१५ साली दाखवून दिले. लंडनमध्ये अर्नेस्ट केनवे यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोन टन पिचमधून, म्हणजे डांबराच्या घट्ट अवशेषातून, बेंझोपायरीन हे कर्कजनक संयुग वेगळे केले आणि १९३३ साली ते जाहीर केले. पॉटच्या ‘काजळी’ला रासायनिक नाव मिळण्यास अशी एकशे अठ्ठावन्न वर्षे लागली.

कायद्याने मात्र या रासायनिक नावाची वाट पाहिली नाही, ही बाब महत्त्वाची आहे. ब्रिटनच्या १९०६ च्या कामगार भरपाई कायद्याने अपघातांबरोबरच काही रोगांनाही प्रथमच भरपाईयोग्य ठरविले. आरंभी या यादीत सहाच रोग होते. १९०७ साली तिचा विस्तार झाला, तेव्हा क्रोमचे व्रण, धूळ व दाहक द्रवांमुळे होणारे त्वचेचे इसबसदृश व्रण, डांबर व पिच यांमुळे होणारा त्वचेचा कर्करोग आणि धुराडी साफ करणाऱ्यांचा कर्करोग यांचा तीत समावेश झाला. याचा अर्थ, मान्यतेसाठी अंतिम वैज्ञानिक पुरावा अनिवार्य नसतो. कामगार आणि रोग यांच्या नोंदी पुरेशा बोलक्या असतील आणि राजकीय इच्छा असेल, तर कायदा विज्ञानाच्या पुढेही जाऊ शकतो. १९०६ साली ब्रिटिश संसदेत मजूर पक्षाचे सदस्य लक्षणीय संख्येने निवडून आले होते, ही पार्श्वभूमी येथे ध्यानात घ्यावी लागते.

तेल : लँकेशायरच्या सूतगिरण्या

सॅम्युएल क्रॉम्प्टन याने १७७९ च्या सुमारास सिद्ध केलेले ‘म्यूल’ हे सूत कातण्याचे यंत्र लँकेशायरच्या समृद्धीचा पाया ठरले. या यंत्राचा चाकांवरचा लांबलचक गाडा शेकडो चात्या घेऊन पुढे-मागे सरकत असे. तुटलेला धागा जोडण्यासाठी कामगाराला या सरकत्या गाड्यावर पुन्हा पुन्हा ओणवे व्हावे लागे. सूत तुटू नये म्हणून खाते उष्ण आणि दमट ठेवलेले असे आणि कामगार पातळ सुती विजारीत, अनवाणी काम करीत. वेगाने फिरणाऱ्या चात्यांना वंगण म्हणून घातलेले तेल बारीक तुषारांच्या रूपाने उडे आणि विजारीचा पुढचा भाग दिवसभर तेलाने भिजत राही. पूर्वी हे वंगण प्राणिज किंवा वनस्पतिज तेलाचे असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स यंग याच्या पद्धतीने शेलपासून निघालेले स्वस्त खनिज तेल बाजारात आले आणि गिरण्यांनी ते स्वीकारले. स्कॉटलंडच्या तेल कामगारांचा रोग अशा रीतीने तेलाबरोबर लँकेशायरला पोहोचला.

मँचेस्टरच्या रॉयल इन्फर्मरीत अशा रोग्याची पहिली नोंद १८८७ सालची सापडते. तथापि, हा सूत कातणाऱ्यांचाच रोग आहे हे ध्यानात येण्यास आणखी तीन दशके जावी लागली. ए. एच. साउदम आणि एस. आर. विल्सन या वैद्यांनी त्याच रुग्णालयाच्या १९०२ ते १९२२ या काळातील नोंदी तपासल्या. वृषणकोशाच्या कर्करोगाच्या १४१ रोग्यांपैकी ६९ रोगी म्यूलवर काम करणारे निघाले. धुराडी साफ करणारा त्यांत केवळ एक होता. पाठ्यपुस्तके शंभराहून अधिक वर्षे ज्या रोगाला धुराड्यांशी जोडून शिकवीत होती, तो रोग केव्हाच गिरणीत राहावयास आला होता.

या शोधासाठी कोणतेही नवे उपकरण लागले नाही. रुग्णालयाच्या जुन्या वहीत रोग्याच्या नावापुढे व्यवसाय लिहिलेला होता, म्हणूनच हे गणित मांडता आले. रामाझिनीचा प्रश्न दोनशे वर्षांनंतर असा फळाला आला. रोगाची जागा लाजेची असल्याने अनेक कामगार तो लपवीत आणि उपचारासाठी उशिरा येत, हेही येथे नमूद करावयास हवे. आत काम करणाऱ्यांपैकी प्रत्येकाला जे ठाऊक होते, ते नोंदीत येण्यात ही लज्जा एक अडसर ठरत होती.

ब्रिटिश गृहखात्याने नेमलेल्या समितीने १९२६ साली आपला अहवाल देऊन खनिज तेल हेच सर्वाधिक संभाव्य कारण असल्याचे मान्य केले. त्यानंतर तेलाची कर्कजनकता उंदरांवरील प्रयोगांतून वारंवार सिद्ध झाली. कारखान्यांचे वैद्यकीय निरीक्षक एस. ए. हेन्री यांनी १९४६ साली या रोगावर स्वतंत्र ग्रंथही लिहिला. चात्यांसाठी विशिष्ट शुद्धतेचे पांढरे तेल, प्राणिज तेल अथवा वनस्पतिज तेलच वापरावे, अशी सक्ती करणारे नियम मात्र १९५३ साली झाले. पहिल्या नोंदीपासून तोवर सहासष्ट वर्षे लोटली होती. ज्या म्यूल यंत्रासाठी हे नियम केले, तेच यंत्र तोपर्यंत कालबाह्य होऊन लँकेशायरमधून अस्तंगत होऊ लागले होते.

स्वच्छता कोणाची, जबाबदारी कोणाची?

या सबंध काळात एक युक्तिवाद सातत्याने भेटतो. कामगाराने हात धुतले असते, कपडे बदलले असते, तर रोग झाला नसता, असे त्याचे स्वरूप आहे. त्यात तथ्यांश आहे, हे बटलिनच्या निरीक्षणावरून मान्य करावे लागते. परंतु गरम पाणी, साबण, स्वतंत्र कपडे आणि ते बदलण्यासाठी जागा यांची तरतूद कामगाराच्या हाती नसते. ब्रिटनचे पहिले वैद्यकीय कारखाना निरीक्षक टॉमस लेग यांनी आपल्या दीर्घ अनुभवावरून असा निष्कर्ष काढला होता की, मालकाने आपल्या बाजूचे सर्व उपाय केल्याखेरीज कामगाराला स्वतःच्या बचावासाठी जवळजवळ काहीच करता येत नाही. लँकेशायरमधील विगन येथील वैद्य रॉबर्ट प्रॉसर व्हाइट यांनी १९१५ साली व्यवसायजन्य त्वचारोगांवर विस्तृत ग्रंथ लिहून या विषयाला स्वतंत्र शाखेचा दर्जा मिळवून दिला.

न्यायालयीन पातळीवर या प्रश्नाचे उत्तर बर्मिंगहॅम येथील १९६८ च्या एका निकालात सापडते. यंत्रावर काम करताना अनेक वर्षे तेलाने कपडे भिजत राहिलेल्या एका कामगाराचा या कर्करोगाने मृत्यू झाला होता. धोक्याची माहिती असूनही कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने कामगारांना सावध केले नाही आणि नियतकालिक तपासणीही सुरू केली नाही, यास्तव मालक निष्काळजीपणाबद्दल जबाबदार ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. उपलब्ध होत जाणाऱ्या ज्ञानाबरोबर मालकाने चालले पाहिजे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

भारतीय संदर्भ

मुंबई आणि नागपूर येथील कापड उद्योग लँकेशायरच्या यंत्रांवर उभा राहिला, तरी त्याची तांत्रिक वाट पुढे वेगळी झाली. जमशेदजी टाटा यांनी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८० च्या दशकात रिंग पद्धतीच्या कातणीचा प्रयोग केला आणि भारतीय गिरण्यांत कालांतराने रिंग खात्याचेच प्राबल्य झाले. रिंग यंत्रावरील चात्या जागच्या जागी उभ्या फिरतात आणि त्यांचे वंगण बव्हंशी बंदिस्त असते. कामगाराला तेलाच्या तुषारांवर ओणवे व्हावे लागत नाही. म्हणजे एखाद्या रोगापासून मिळणारे संरक्षण नियमांपेक्षा यंत्राच्या रचनेतूनही मिळू शकते, याचे हे उदाहरण होय.

कायद्याची चौकट मात्र ब्रिटिश वळणाचीच आली. कामगार भरपाई अधिनियम, १९२३ च्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी होती. सुरुवातीला ती अगदी त्रोटक होती. पुढे क्रोमचे व्रण आणि डांबर, पिच, खनिज तेल आदींमुळे होणारा त्वचेचा कर्करोग तीत समाविष्ट झाले. स्वातंत्र्यानंतर कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८९ ने अनुसूचीतील रोग आढळल्यास तो शासनाच्या यंत्रणेला कळविण्याचे बंधन कारखान्याच्या व्यवस्थापकावर आणि उपचार करणाऱ्या वैद्यकावरही घातले. रसायने आणि रंग यांच्या प्रत्यक्ष संपर्काने होणारा त्वचादाहही पुढे त्या अनुसूचीत आला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनेही असे रोग कळविण्याची तरतूद कायम ठेवली.

कागदावरील ही यादी लँकेशायरच्या यादीहून कमी नाही. उणीव आहे ती यादीच्या आधीच्या पायरीत. १९४८ च्या कायद्याने वीज वापरणाऱ्या जागेत दहा आणि वीज न वापरणाऱ्या जागेत वीस कामगार असतील तरच तिला सामान्यतः ‘कारखाना’ मानले. मुंबईच्या गल्लीबोळांत चार-सहा माणसांवर चालणारे धातूवर मुलामा देण्याचे कारखाने आणि कातडी कमावण्याची छोटी केंद्रे या व्याख्येच्या उंबरठ्याबाहेर राहिली. क्रोम मात्र तेथेही तेच होते. शिवाय, असा कामगार गल्लीतल्या दवाखान्यात जातो तेव्हा त्याला मलम मिळते, पण त्याच्या केसपेपरवर व्यवसायाचा रकाना बहुधा रिकामाच राहतो.

सिमेंट : एक तुलना

गवंडी आणि बिगारी यांच्या बोलण्यात ‘सिमेंट हात खाते’ हा अनुभव सर्रास येतो. ओल्या सिमेंटच्या तीव्र अल्कतेने त्वचा भाजते. परंतु काही कामगारांच्या हातांवरील इसब काम थांबविले तरी लवकर बरे होत नाही आणि कामावर परतताच उफाळून येते. स्वित्झर्लंडमधील येगर आणि पेलोनी यांनी १९५० साली पॅच चाचणीच्या साहाय्याने दाखवून दिले की, याचे कारण सिमेंटमध्ये अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या क्रोमेटची अधिहर्षता, म्हणजे ॲलर्जी, हे आहे. पॅच चाचणीचे हे तंत्र योसेफ याडासोन याने १८९५ साली मांडले होते. क्यूमिनने रंगाऱ्यांच्या हातावर पाहिलेले क्रोम अशा प्रकारे बांधकामावर पुन्हा भेटले.

यावरील उपाय साधा निघाला. सिमेंटमध्ये थोडे फेरस सल्फेट मिसळले की घातक क्रोमेटचे रूपांतर निरुपद्रवी स्वरूपात होते. डेन्मार्कने १९८१ पासून हा मार्ग अवलंबिला आणि तेथील बांधकाम कामगारांतील या ॲलर्जीचे प्रमाण घटले. युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधील विद्राव्य क्रोमेटवर दशलक्ष भागांत दोन भाग अशी मर्यादा घातली. येथे कामगाराला हात धुण्याचा उपदेश करून प्रश्न सोडविलेला नाही, तर मूळ पदार्थातच बदल केला आहे. काजळीच्या वेळी पोशाखाने आणि तेलाच्या वेळी पांढऱ्या वंगणाने जे साधणे शक्य होते, तेच सिमेंटच्या बाबतीत उत्पादकाच्या दारातच साधले गेले.

भारतात बांधकामाची जागा ‘कारखाना’ या व्याख्येत बसत नसल्याने तेथील कामगारांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. तथापि, ठेकेदार बदलत जाणारा, हंगामानुसार गाव आणि शहर यांमध्ये ये-जा करणारा हा कामगार कोणत्याही एका मालकाच्या दप्तरात फार काळ राहत नाही. ज्या इसबामुळे त्याचे काम सुटते, ते कामामुळेच झाले, हे सिद्ध करण्यासाठी लागणारा सलग पुरावा त्याच्यापाशी नसतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, व्यवसायजन्य त्वचारोगांच्या इतिहासात अज्ञान हे विलंबाचे मुख्य कारण कधीच नव्हते. कामगारांची बोली, वैद्यांची निरीक्षणे आणि शेजारच्या देशांतील प्रथा यांतून कारणही ठाऊक होते आणि बहुधा उपायही. दुसरा निष्कर्ष असा की, यशस्वी ठरलेले उपाय पदार्थ, यंत्र किंवा कामाची पद्धत बदलणारे होते. केवळ कामगाराच्या वैयक्तिक स्वच्छतेवर भिस्त ठेवणारी तरतूद, १७८८ च्या साप्ताहिक अंघोळीप्रमाणे, कागदावरच राहिली.

तिसरा निष्कर्ष अधिक निकटचा आहे. साउदम आणि विल्सन यांचे संशोधन शक्य झाले ते रुग्णालयाच्या वहीतील एका रकान्यामुळे. आज महाराष्ट्रातील जिल्हा रुग्णालये, ग्रामीण रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये यांच्या बाह्यरुग्ण विभागांत हाताचे इसब घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचा व्यवसाय नोंदविला गेला, तर कोणत्या गावात, कोणत्या कामात, कोणत्या पदार्थामुळे हा रोग होतो याचे चित्र काही वर्षांतच उभे राहू शकेल. समाजशास्त्र, रसायनशास्त्र आणि इतिहास या विभागांनी आपापल्या परिसरातील उद्योगांबाबत असे सर्वेक्षण हाती घेणे महाविद्यालयांनाही अशक्य नाही. रामाझिनीचा प्रश्न विचारण्यास खर्च येत नाही. तो न विचारल्याची किंमत मात्र गेली तीनशे वर्षे कामगाराची कातडी मोजत आली आहे.